पत्रिका छापताय? डिझाइन राहू दे, आधी यादी काढा

लग्न ठरलं की सगळे पहिल्यांदा डिझाइन बघत बसतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. आधी यादी काढा, आणि ती माणसांची नाही तर घरांची. १५० पाहुणे म्हणजे १५० पत्रिका नव्हेत, एका घरात चार माणसं असली तरी पत्रिका एकच जाते, त्यामुळे बहुतेक वेळा ७०-८० मध्ये भागतं. वर १०-१५ टक्के जास्तीच्या घ्याच, कारण कोणीतरी राहिलेलं ऐनवेळी आठवतंच आणि मागाहून २० छापायच्या म्हटलं की मशीन परत लावायचा खर्च तेवढाच पडतो.

आता कागद. समोरचा "३०० जीएसएम" म्हणाला की नुसती मान डोलवू नका. एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, ते जीएसएम. प्रिंटरचा साधा कागद ८० च्या आसपास असतो, पत्रिकेला २५० ते ३०० बरा. पण हे वजन झालं, जाडी नाही, म्हणून सॅम्पल हातात घेऊनच ठरवा. जाड कार्ड घडीचं असेल तर क्रीझिंग (घडीच्या जागी आधीच दाबून रेघ पाडणं) करून घ्या, नाहीतर घडीवर शाई तडकते.

कमी पत्रिका असतील तर डिजिटल (कॉम्प्युटरवरून थेट छपाई), जास्त असतील तर ऑफसेट (आधी प्लेट बनवून छपाई) परवडतं. एम्बॉसिंग म्हणजे अक्षरं वर उचललेली, लेटरप्रेसमध्ये ती कागदात दबलेली. फॉइलमध्ये शाई नसतेच, तापलेल्या साच्याने चकचकीत पातळ फिल्म कागदावर दाबतात. माझं मत विचाराल तर फॉइल फक्त नावांना ठेवा, बारीक पत्ता फॉइलमध्ये केला की अक्षरं भरून येतात, शिवाय फोटो काढला की चमक मारते आणि पत्रिकेचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरणारच आहे.

साइज ठरवताना पाकीट आधी बघा. ए५ कार्ड (१४८ × २१० मिमी) सी५ पाकिटात बसतं, तेच मधे दुमडलं की ए६ होतं आणि सी६ मध्ये जातं. चौकोनी कार्ड दिसतं मस्त, पण काही देशांत पोस्ट त्याचे जादा पैसे घेतं. पोस्टाने पाठवणार असाल तर तिकिटं घ्यायच्या आधी पूर्ण भरलेलं एक पाकीट तोलून बघा.

सेव्ह द डेट (नुसती तारीख आधी कळवणारं कार्ड) ६-८ महिने आधी, पत्रिका ६-८ आठवडे आधी. आरएसव्हीपी हे फ्रेंच आहे, त्याचा अर्थच "कृपया उत्तर द्या", त्यामुळे "कृपया आरएसव्हीपी करा" लिहू नका, दोनदा कृपया होतं. उत्तराची शेवटची तारीख लग्नाच्या ३-४ आठवडे आधीची ठेवा. पत्रिकेसोबत उत्तराचं कार्ड पाठवत असाल तर त्यामागे पेन्सिलने यादीतला नंबर घाला, लोक नाव लिहायला विसरतात, खरंच विसरतात.

आणि प्रूफ, म्हणजे छापायच्या आधी तपासायला मिळणारा नमुना. तारीख आणि वार कॅलेंडरशी ताडून बघा, आणि एकदा घराबाहेरच्या कोणाला तरी वाचायला द्या. आमच्याकडे भावाच्या लग्नात पाच जणांनी प्रूफ पाहिलं, पाचही जण फुलांच्या रंगावर वाद घालत होते, वार चुकलाय हे कोणालाच दिसलं नाही आणि सही आम्हीच केलेली, त्यामुळे छापणाऱ्याला बोलायची सोय नाही. मग एक अख्खी संध्याकाळ आम्ही सगळे जमिनीवर बसून ९० पत्रिकांवर पेनाने वार दुरुस्त करत होतो.