कचरा केंद्राची जागा मागायला जाण्याआधी

आपल्या भागात कचरा वर्गीकरणाचं आणि खताचं केंद्र हवं म्हणून महापालिकेला निवेदन द्यायचं ठरवलं असेल, तर आधी एक वही आणि एक वजनकाटा घ्या. निवेदनाचा मसुदा नंतर. १९९२ च्या हद्दवाढीनंतर सोलापूर चहूकडे पसरलं. घरं आधी आली, कचऱ्याच्या जागेचा विचार मागून आला. पुढच्या वस्त्यांच्या बाबतीत तरी हा क्रम उलटा व्हावा, एवढ्यासाठी ही यादी.

आठ दिवस कचरा तोला. एक गल्ली निवडा आणि घंटागाडी यायच्या आधी दारोदार ओल्याचं वेगळं, सुक्याचं वेगळं वजन लिहा. रविवार चुकवू नका, त्या दिवशीची बादली जड असते. पूर्व भागात मोजणार असाल तर वहीत दोन रकाने वाढवा, विडीच्या पाल्याचा आणि चिंध्यांचा. एका पोत्यात वर सुकी पानं दिसली म्हणून आम्ही ते ओल्यात धरलं. हात घातला तेव्हा कळलं, ते विडीच्या पाल्याचं कातरण होतं आणि खाली टॉवेलच्या दशा नि शिलाईच्या चिंध्या गुंतलेल्या होत्या. अशा चिंध्या श्रेडरच्या, म्हणजे कचरा बारीक करणाऱ्या यंत्राच्या, पात्यांना गुंडाळल्या जातात आणि यंत्र बंद पडतं. त्या दारातच वेगळ्या घ्यायला हव्यात. ही गोष्ट कार्यालयात बसून कुणाला सुचणार नाही.

आता हिशेब. समजा, माणशी ४०० ग्रॅम निघाले, तर १०,००० वस्तीचा दिवसाला ४ टन कचरा होतो. त्यातला निम्मा ओला धरला तर २ टन. खत व्हायला ४५ दिवस लागतात असं धरा, म्हणजे कोणत्याही दिवशी आवारात ९० टनांची भरती असणार. शिवाय ढीग उलथायला जागा, चाळणीला जागा, गाडी वळवायला जागा. हा आजचा आकडा झाला. त्यावर मंजूर ले-आउटमधले मोकळे प्लॉट आणि उभ्या राहणाऱ्या अपार्टमेंटची घरं धरून दहा वर्षांनंतरचा आकडा काढा आणि जागा त्या आकड्याइतकी मागा. शेड छोटी बांधून पुढे वाढवता येते. जमीन एकदा विकली गेली की वाढत नाही.

जागेसाठी विकास आराखडा, सुविधा भूखंड (ले-आउटमध्ये सार्वजनिक सोयींसाठी राखलेली जागा) आणि सातबारा बघून ठेवा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज ५ टनांपेक्षा जास्त क्षमतेच्या केंद्राभोवती बांधकाममुक्त पट्टा सांगितला होता, आणि भरावभूमीसाठी (उरलेला कचरा पुरायच्या जागेसाठी) नदीपासून १०० मीटर, तर तळं, वस्ती, महामार्ग, विहीर यांपासून २०० मीटर अंतर. भरावभूमी विमानतळाच्या २० किलोमीटरच्या आत येत असेल तर ना-हरकत दाखलाही लागायचा. आपला विमानतळ होटगी रोडवर, शहराला लागूनच आहे. नान्नजच्या बाजूला जागा सुचवत असाल तर तिथल्या माळढोक पक्ष्याचा विचार आधी करा, उघड्या कचऱ्यामागे कुत्री येतात.

पाण्याची तजवीज लिहून मागा. सोलापूरचा मे महिना ढीग वरून वाळवून टाकतो, आणि ढिगाला ५०-६० टक्के ओल लागते, ती फार खाली गेली की कुजणं मंदावतं. पिण्याचं पाणी तिथं ओतू नये असं माझं ठाम मत आहे. देगावच्या सांडपाणी केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी टँकरने मिळेल का, ते विचारा. सुका कचरा ढिगांपासून लांब, लहान गठ्ठ्यांत ठेवा आणि मधून गाडी जाईल एवढी वाट राखा. तुळजापूर रोडच्या कचरा डेपोतल्या आगीचा धूर ज्यांनी घरात घेतलाय, त्यांना यामागचं कारण सांगावं लागणार नाही.

सिद्धेश्वर यात्रा, गणपती, लग्नसराई या दिवसांसाठी जादा गाडी आणि जादा माणसं आधीच धरा.

राहिली माणसं. तुमच्या भागात भंगार वेचणाऱ्या बायका कोण, किती वाजता येतात, काय उचलतात, हे त्यांना बसवून विचारा. काच, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या यांचे भाव त्यांना तोंडपाठ असतात. वर्गीकरणाच्या कामावर पहिला हक्क त्यांचा, हे निवेदनात स्पष्ट लिहा आणि नकाशात त्यांच्यासाठी नळ, संडास आणि डबा खायला सावलीची जागा दाखवा. नकाशा काढून झाला असेल तर पुन्हा काढा, पण हे तीन चौकोन त्यात हवेत.