लाकडी कयाक: फिनिशिंग आणि वल्ही करताना या चुका टाळा

फायबर ग्लासचे कापड चढले, डेक म्हणजे वरचे झाकण जोडले, की बहुतेकांना कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची ही अरुंद होडी, पाण्यात सोडायची घाई होते. सुतारकामातली चूक लगेच दिसते. फिनिशिंगमधली दोन-चार महिन्यांनी उघडी पडते, तोवर ती व्हार्निशच्या थरांखाली गाडलेली असते.

व्हार्निश जागोजागी आक्रसून खळगे पडतात? बहुधा इपॉक्सी, म्हणजे ते कापड लाकडावर बसवणारी राळ, न धुताच घासलेली असते. सुकताना तिच्यावर अनेकदा मेणचट थर येतो. बोट फिरवले की किंचित ओशट लागतो. तसेच घासले तर सँडपेपर लगेच तुंबतो. थिनरचा इथे भरवसा नाही. थर पाण्यात विरघळतो, म्हणून साधे पाणी आणि खरबरीत स्क्रबर वापरा, नीट वाळू द्या आणि मगच घासा.

घासताना कापडाची वीण दिसू लागली तर तिथेच थांबा. आणखी घासले तर कापडच कापले जाईल. इपॉक्सीचा एक हात द्या आणि सुकल्यावर पुन्हा सुरुवात करा.

इपॉक्सीत बुडबुडे येतात ते लाकडातल्या हवेमुळे. ऊन चढत असताना पहिला हात दिला, तर तापणारे लाकूड हवा बाहेर ढकलते. तापमान उतरणीला लागले की, म्हणजे संध्याकाळी, काम करा. आणि लवकर सुकावे म्हणून हार्डनर (इपॉक्सी कडक होण्यासाठी तिच्यात मिसळायचा दुसरा भाग) जास्त घालू नका! प्रमाण बिघडले की इपॉक्सी नीट कडक होतच नाही.

'इपॉक्सी एवढी चकचकीत आहे, व्हार्निश कशाला?' असे विचारणारे भेटतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळी पडते, खडूसारखी भुरभुरते. अतिनील-रोधक व्हार्निशचे चार-पाच पातळ हात हवेतच. त्याआधी इपॉक्सी पूर्ण पिकू द्या, नाहीतर व्हार्निश चिकटच राहू शकते.

वल्ह्यांची चूक लाकूड निवडतानाच होते. दांड्यात गाठ आली किंवा रेषा तिरप्या सुटल्या, तर ऐन जोर लावताना वल्हे तिथेच मोडते. फळी सरळ रेषांचीच घ्या. ग्रीनलँड पद्धतीचे अरुंद वल्हे करायचे तर लांबीचा जुना हिशेब सोपा आहे: दोन्ही हात पसरून होणारी वाव, अधिक कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा एक हात.

वल्हे पाण्यात थरथरते? पात्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. मधली रेघ शेवटपर्यंत पुसू नका, तिच्यावरून दोन्हीकडे मोजत रंधा मारा. दांडा अगदी गोल नको. लंबगोल असला की पाते कुठे वळले आहे ते न बघता हाताला कळते.

दांड्याला व्हार्निश मात्र मला अजिबात पटत नाही. ओल्या हातातून तो सटकतो, फोडही येतात. जवसाचे तेल चोळा. तेलाचे बोळे मात्र गोळा करून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा, मगच फेका.