पाळी बदलताना चार्ज कसा द्यायचा: मशीन शॉपच्या लाइन लीडरसाठी

तीन पाळ्यांत चालणाऱ्या मशीन शॉपमध्ये पाळी सुटतानाची दहा मिनिटं सगळ्यात महागात पडतात. माहिती अर्धवट गेली की पुढच्या पाळीच्या पहिल्या तासात नग बाद होतात आणि मग दोन्ही पाळ्या एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. उपाय माहीत सगळ्यांना असतो: चार्ज (मशीनची सगळी माहिती पुढच्या पाळीकडे सोपवणं) मशीनपाशी, समोरासमोर द्यायचा. पण तो आपोआप होत नाही, लीडरलाच बसवावा लागतो.

सुरुवात बसच्या वेळेपासून करा. पाळी साडेतीनला सुटते आणि कंपनीची बस तीन चाळीसला निघते, असं असेल तर चार्ज होणारच नाही. माणूस सव्वातीनलाच हात धुवायला जातो, आणि त्यात त्याची चूक नाही. बस पंधरा मिनिटं उशिरा सोडा किंवा येणारी पाळी दहा मिनिटं आधी बोलवा, आणि ही दहा मिनिटं हजेरीत धरा. पगार न देता मागितलेली दहा मिनिटं दोन आठवड्यांत तीन मिनिटांवर येतात.

पाळी सुटायच्या वीस मिनिटं आधी जाणाऱ्या लीडरने लाइनवरून एक चक्कर मारावी आणि ‘आज काय बदललं?’ एवढंच शोधावं. ज्या मशीनवर काही बदल नाही तिथे ‘बदल नाही’ म्हणायला पाच सेकंद पुरतात. आठ मशीनच्या लाइनवर बहुतेक वेळा दोन-तीन मशीनच वेळ खातात. सगळ्यांना समान वेळ देत बसलात तर नेमकं महत्त्वाचं राहून जातं.

एक नियम मात्र कडक ठेवा. शेवटच्या पंधरा मिनिटांत इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) बदलायचा नाही, ऑफसेट (माप सुधारायला मशीनमध्ये भरायचा आकडा) द्यायचा नाही. द्यावाच लागला, तर त्यानंतरचा एक नग कापून, मापून, चिठ्ठी लावून टेबलावर ठेवायचा. कारण समजून घ्या. 32 एच7 बोअर आहे, म्हणजे भोकाचा व्यास 32.000 ते 32.025 मिलिमीटर चालतो. इन्सर्ट झिजतो तसा बोअर लहान होत जातो: 32.012, 32.009, 32.007, 32.004. पहिल्या पाळीच्या ऑपरेटरने तीन वीसला बोअरिंग टूलला बारा मायक्रॉन (0.012 मिलिमीटर) अधिक दिले आणि नवीन नग न कापताच गेला. येणाऱ्याने टेबलावरचा शेवटचा नग मापला, 32.004 आलं, त्यानेही बारा दिले. पुढचा बोअर 32.028. लहान राहिलेला बोअर पुन्हा कापता येतो. मोठा झाला की नग थेट भंगारात. दोघांनीही आपापल्या परीने काळजीच घेतली होती, म्हणून इथे कुणाला ओरडून काही साधत नाही.

(मापताना नग गार होऊ द्या. वीस अंश जास्त तापलेला स्टीलचा नग या मापाला सुमारे सात मायक्रॉन मोठा दाखवतो, आणि घाईच्या वेळी तोच हातात येतो.)

मशीनपाशी बोलताना ‘सगळं ठीक ना?’ हा प्रश्न वापरू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. त्याऐवजी विचारा, ‘पुढच्या दोन तासांत कुठलं मशीन त्रास देईल?’ जाणाऱ्याचं सांगून झालं की येणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं: ‘तीन नंबरला इन्सर्ट नवा, ऑफसेट दिलेला आहे, पहिला नग मापून मगच चालवतो.’ पहिले काही दिवस लोक लाजतात, हसतात. लीडरने स्वतः आधी केलं की चालू होतं.

रजिस्टरमध्ये निबंध नको. मशीन नंबर, काय बदललं, किती वाजता, काय बाकी आहे, एवढ्या चार रकान्यांत काम भागतं. लाइनवर मराठी, हिंदी, उडिया बोलणारे एकत्र असतील तर वाक्यांपेक्षा आकडे लिहा, शक्य तिथे मोबाइलवर फोटो दाखवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे चार्ज नव्हे; निळ्या टिका दिसल्या म्हणून समोरच्याला समजलं असं होत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या आधीच्या पाळीला समोर रिलीव्हरच (चार्ज घेणारा) नसतो. त्या दिवशी लेखी नोंद सविस्तर हवी आणि सुट्टीनंतर येणाऱ्या लीडरला एक फोनही.

गार्ड (संरक्षक झाकण) काढलेला आहे, इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) बायपास केलाय, मेंटेनन्सचं काम अर्धवट आहे, हे सगळ्यात आधी सांगायचं, उत्पादनाच्या आकड्याच्याही आधी. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा तेल-वायू प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. रात्रीच्या पाळीपर्यंत ती माहिती पोचली नाही, पंप चालू केला गेला. त्या दुर्घटनेत 167 माणसं गेली. आपल्याकडे निदान दुरुस्तीसाठी बंद ठेवून कुलूप आणि टॅग लावलेल्या मशीनपाशी दोन्ही लीडरनी एकत्र जाऊन उभं राहावं.

आता थोडं अवघड. शॉपमध्ये ‘ए शिफ्ट रिजेक्शन, बी शिफ्ट रिजेक्शन’ अशी पाळीवार बाद नगांची पाटी लावलेली असेल तर ती काढा. त्या पाटीमुळे संशयित नग बाद मालाच्या लाल पेटीत जायच्या ऐवजी चांगल्या नगांच्या ट्रेमध्ये सरकतात, पुढच्याच्या नावावर. पाळी बदलल्यानंतरच्या पहिल्या तासाचं रिजेक्शन दोन्ही पाळ्यांच्या खात्यात धरा. आणि कुणी येऊन ‘साहेब, हे वीस नग मला बरोबर वाटत नाहीत’ म्हणाला, तर पहिलं वाक्य ‘बाजूला काढ, मापू या’ हेच असू द्या. ‘इतका वेळ काय करत होतास?’ एकदा जरी म्हणालात, तरी पुढचे वीस नग तुम्हाला कळणार नाहीत.

आठवड्यातून एकदा, पहिल्या तासात झालेले तीन ब्रेकडाऊन किंवा रिजेक्शन घ्या आणि आधीच्या पाळीच्या नोंदीशी ताडून बघा. नोंद नसेल, तर जाणाऱ्याला ते माहीतच नव्हतं की माहीत असून सांगितलं नाही, हे वेगळं करा. माहीत नव्हतं तर चक्कर वाढवा, मोजमाप वाढवा. सांगितलं नाही तर बस, ओव्हरटाइम आणि तुमची स्वतःची पहिली प्रतिक्रिया, या क्रमाने तपासा.