एकाला होडी, एकाला झोपाळा: किनाऱ्याची सहल दोघांसाठी कशी आखावी

बडोद्यात पाणी म्हणजे सूरसागर, फार तर आजवा. त्यामुळे आपल्याकडच्या घरात कुणी "यंदा समुद्रात शिडाच्या होडीनं फिरू या" म्हटलं, की दुसऱ्याच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. मग एक जण मन मारून जातो आणि सहलभर तोंड पाडून बसतो. दोघांनी सगळं बरोबरच करायचं हा हट्ट आधी सोडा. जागा अशी निवडा, जिथे पाण्यानं जाणारा आणि रस्त्यानं जाणारा संध्याकाळी एकाच गावात पोचतील.

१. "नको" म्हणजे नक्की काय नको?

"मला समुद्र आवडत नाही" या वाक्यावर सहल आखता येत नाही. कारण विचारा. कुणाला बोट लागते, कुणाला पाण्याची भीती वाटते, कुणाला ऊन सोसत नाही, तर कुणाला होडीत स्वच्छतागृह नसतं याचीच धास्ती असते (हे कारण बायका पटकन सांगत नाहीत, म्हणून पुरुषांनी आपणहून विचारावं). बोट लागण्यावर उपाय आहे, उन्हावर आहे, तासाभराचीच फेरी घेतली तर स्वच्छतागृहाचाही प्रश्न सुटतो. भीती मात्र समजूत घालून जात नाही. तिथे जबरदस्ती नको.

२. आधी जवळपास चाचणी घ्या

बडोद्याहून जंबुसरमार्गे कावी-कंबोई साधारण ७५ किलोमीटर. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीला पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा उघडं पडतं. एकाला दर्शन, एकाला समुद्र. शिवाय भरती-ओहोटी म्हणजे काय ते दोघांनाही डोळ्यांदेखत कळतं. तिथे पाणी चढायला लागलं की झपाट्यानं चढतं, म्हणून मागे व्हायला सांगितलं की लगेच मागे व्हा, सेल्फी पुरा करत बसू नका.

दुसरी चाचणी सुरतजवळचं हजिरा ते भावनगरजवळचं घोघा या जहाजाची. नोव्हेंबर २०२० पासून सुरू झालेली ही सेवा गाड्यांसकट माणसं नेते. रस्त्यानं सुमारे ३७० किलोमीटर पडणारं अंतर समुद्रातून ९० वर येतं आणि तीन-चार तास लागतात. बडोद्याहून भावनगरला जायला हा उलटा फेरा आहे, सरळ रस्त्यानं तुम्ही लवकर पोचाल. तरी जावं, कारण होडीला घाबरणारा माणूस मोठ्या जहाजावर बऱ्यापैकी निवांत असतो. लीलो चिवडा बरोबर घ्या, पण तो उतरल्यावर खायचा.

३. खरी सहल: अलिबाग-मुरूड

रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठायची. गेटवेवरून अलिबागजवळच्या मांडव्याला लाँच जातात, भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणारी रो-रो जाते. दोन्हींना तासाभराच्या आसपास वेळ लागतो. ज्याला तेवढंही नको, त्यानं पेणमार्गे रस्त्यानं यावं. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

शिडाची हौस भागवायला दोन वाटा आहेत. गेटवेजवळ नाविकासकट शिडाची बोट तासाच्या हिशेबानं भाड्यानं मिळते. किंवा मुरूडजवळच्या राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होडीनं जायचं. दुसरा माणूस तोवर खोकरीच्या दगडी कबरी पाहू शकतो, नाहीतर मुरूडला झोपाळ्यावर बसून सोलकढी पिऊ शकतो. आमचे हे दुसऱ्या गटातले, आणि त्यांचं काही बिघडत नाही.

४. कालनिर्णय काढा

हे काम मन लावून करा, सगळी गोम इथेच आहे. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. कृष्ण पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागे जातं. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे चढ-उतार कमी.

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन पाहता येतो. होडीला नाही म्हणणाऱ्याला समुद्रातला किल्ला पायी मिळतो! त्यासाठी तृतीया उत्तम: तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणून सकाळी आठच्या सुमारास ओहोटी, आणि उधाणाला फार दिवस न झाल्यानं पाणीही चांगलं मागे गेलेलं. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते, पाणी पुरतं हटत नाही आणि डोक्यावर ऊन. तरी निघण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला परतीची वेळ विचाराच. हा हिशेब कावी-कंबोईला लावू नका. खंभातच्या आखातात भरती कोकणानंतर काही तासांनी पोचते.

वाऱ्याचंही असंच. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो आणि पाणी शांत असतं. दुपारनंतर खारा वारा सुटला की लाटा उठतात. बोट लागणाऱ्याला सकाळचीच फेरी द्या. शिडाची मजा हवी असणाऱ्यानं दुपारी जावं, शीड फुगतं ते तेव्हाच.

५. होडीत बसल्यावर

बोट लागत असेल तर मधोमध बसा, तिथे हेलकावा सगळ्यांत कमी. इंजिनाच्या धुरापासून लांब राहा. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलमध्ये घालू नका. पोट रिकामं नको आणि तळणानं भरलेलंही नको. आलेपाक तोंडात ठेवा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी. उलटी व्हायला लागल्यावर तिचा उपयोग नाही.

लाइफ जॅकेट घालून पट्टे आवळा, मांडीवर ठेवू नका. आणि होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख नाविक, सांगेल तिथेच बसायचं, तिथे नवराबायकोचा वाद चालत नाही. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच एका शिडाच्या बोटीवर ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्याहून निघून मे २०२५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. आपल्याला दोन तास काढायचे आहेत.

६. वेगळे झालात तर

भेटायची जागा आणि वेळ निघण्यापूर्वीच ठरवा. भर समुद्रात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. होडीला उशीर होतो, तेव्हा वेळेत तासभर सैल ठेवा आणि किनाऱ्यावरच्यानं तेवढ्यात दहा फोन करू नयेत. रोख पैसे दोघांकडेही हवेत. परतीची बडोद्याची गाडी त्याच रात्रीची काढू नका. वारा वाढला की लाँच रद्द होते आणि मग अलिबागहून रस्त्यानं मुंबई गाठावी लागते.