जुन्या ट्रॅक्टरचा गेअर बॉक्स तापतोय? खोलायच्या आधी या चुका टाळा

उसाचा सीझन लागला की फोन सुरू होतात. "मिस्तरी, हाऊसिंग (गेअर बॉक्सचं बाहेरचं कवच) लै तापायलंय, गेअर बॉक्स खोलावा लागतो का?" मी इचारतो कुठं तापायलंय, तर म्हणे सगळंच. सगळंच एकदम तापत नसतंय दादा. पहिली चूक हीच, हात न लावता पाने बाहेर काढायचे.

दोन तास काम झालं की ट्रॅक्टर बंद करा आन् चाचपून बगा. पुढं क्लचपाशी, मधे लिफ्टच्या (अवजार उचलणाऱ्या यंत्रणेच्या) खाली, मग डावा एक्सल, उजवा एक्सल, शेवटी पिटीओपाशी, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यापाशी. जिथं हात ठेवून पाच मोजता येत नाहीत तिथं साधारण 60 डिग्रीच्या आसपास किंवा वर आहे असं समजा. त्यानं घाबरायचं नाही, ओढकामात ऑईल तेवढं तापतंच, त्यात आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच 42 असतंय. बगायचं एवढंच की एखादी जागा बाकीच्यापेक्षा जास्त चटका देतीय का. लेझरवाली टेम्परेचर गन असली तर उत्तम, नसली तर हात फुकट आहे.

मागं रेणापूरकडून एक ट्रॅक्टर आला, वीस-बावीस वर्षांचा, दोन गॅरेज फिरून आलेला. एकानं ऑईल बदललं, दुसऱ्यानं अख्खा गेअर बॉक्स उतरवून बेरिंगी टाकल्या, पस्तीस हजार गेले आन् तापणं जसंच्या तसं. मालक म्हणला आता भंगारात घालतो. मी भरलेली ट्रॉली जोडून एक चक्कर मारायला लावली आन् हात लावला, तर डावा एक्सल भाजायलाय आन् उजव्यावर हात आरामात राहायलाय. पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅक लावून ठोकळ्यावर घेतली, न्यूट्रल केलं. उजवं चाक एका हातानं फिरलं, डाव्याला दोघं लागले. खाली वाकून पेडल बगितलं तर परतीची स्प्रिंग तुटलेली आन् तिच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली. पट्टी ढिली पडली होती, पेडल पूर्ण वर येत नव्हतं, म्हणजे डावा ब्रेक दिवसभर घासायचा, आणि ब्रेक ऑईलमधले असल्यामुळं ती सगळी गरमी गेअर ऑईलमधे उतरायची. नवी स्प्रिंग टाकली, दोन्ही पेडलची मोकळी चाल सारखी केली, झालं काम. ट्यूब कुणी बांधली इचारलं तर मालकाचं पोरगं जमिनीकडं बघायलं.

ड्राय ब्रेकच्या, म्हणजे ऑईलमधे नसलेल्या ब्रेकच्या ट्रॅक्टरला हेच झालं तर ब्रेकच्या डब्यापाशी जळका वास येतो, तिथं ओळखायला अजून सोपं.

आता ऑईल. तापायलंय म्हणलं की जो तो सांगतो, 140 नंबरचं घट्ट ऑईल टाक. कशाला? बऱ्याच ट्रॅक्टरांना गेअर, लिफ्ट आन् ब्रेक या तिन्हीला एकच ऑईल असतंय. ते घट्ट केलं की सकाळी जाळीतून लिफ्टच्या पंपाला ओढत नाही, लिफ्ट रडत रडत उठते, आणि गेअरला घट्ट ऑईल घुसळायला लागतं, त्यातनं गरमी अजून वाढते. काही जुन्या मॉडेलला गेअरसाठी 90 नंबर वेगळं असतंय, ते चालतं, पण कंपनीच्या पुस्तकात लिवलं असंल तरच. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर म्हणजे पुस्तक नाही.

दुसरं येड म्हणजे खुणेच्या वर दोन लिटर जास्त ओतायचं, "थंड राहतंय" म्हणून. थंड राहत नाही, फेस होतो. मी तर सकाळी थंड असताना, सपाट जागेवर, अवजार खाली टेकवूनच डिपस्टिक बगतो. ट्रॅक्टर उताराला लावून बगितलेली पातळी खोटी असती.

ऑईल दुधासारखं दिसलं तर पाणी गेलंय. जेट लावून धुतलेला ट्रॅक्टर, गेअर लिव्हरचं फाटलेलं रबर, नाहीतर पावसात उघडा उभा केलेला. उकळून उडून जाईल म्हणून वाट बगू नका, काढून टाका.

ब्रीदर, म्हणजे हाऊसिंगची हवा बाहेर सोडणारं तोंड, मातीनं बुजलेला असतोय, उपसून साफ करा. हाऊसिंगवर काळ्या मातीचा आन् तेलाचा बोटभर थर असंल तर तो घासून काढा, गोधडी पांघरल्यासारखं होतंय त्याला. तापलेल्या हाऊसिंगवर गार पाण्याची बादली ओतणाऱ्याला मी चहासुद्धा पाजत नाही. क्लचवर पाय ठेवून ट्रॅक्टर हाकणाऱ्याबद्दल काय बोलायचं.

ऑईल काढताना ड्रेन बोल्टचा मॅग्नेट बगा. करडं पीठ लागलं असंल तर ठीक. नखाला लागतील असे तुकडे असले तर मग खुशाल गेअर बॉक्स खोला, तेव्हा मी अडवणार नाही.

आणि मधला भाग, लिफ्टखालचाच, तापत असंल तर खोलायच्या आधी कान द्या. रोटावेटर उचलून रस्त्यानं जाताना लिव्हर पार वर ओढून ठेवायची सवय सगळ्या पोरांना. लिफ्टची सेटिंग बिघडलेली असली की पंप रिलीफ वाल्ववर (जादा दाब सोडणाऱ्या वाल्ववर) अडून राहतो आन् तेच तेल दाबात फिरून फिरून तापतं. सीटवर बसलं की बारीक कुईं ऐकू येतं. लिव्हर दोन बोटं खाली घ्या. कुईं थांबलं तर तुमचं तापणं तिथंच आहे, लिफ्टवाल्या मिस्तरीकडून सेटिंग करून घ्या, चार गेअर टेबलावर मांडायची गरज नाही.