परदेशात संकेतस्थळे भलत्याच भाषेत उघडतात तेव्हा

माझी भाची नोकरीसाठी श्टुटगार्टला गेली. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तिने चार वर्षे काढली होती, त्यामुळे तिकडचे काम तिला नवीन नव्हते. नवीन होती ती भाषा. पहिल्याच आठवड्यात, इथे राजारामपुरीत रात्रीचे साडेआठ आणि तिकडे थंडीतले दुपारचे चार वाजले असताना, तिचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, लॅपटॉप कोल्हापुरातनंच आणलाय की, मग हा जर्मन कुठनं शिकला?" प्रश्न थट्टेचा होता, पण नेमका होता. यंत्र तेच, ब्राउझर तोच, खाते तेच. बदलले होते ते केवळ घरातले वायफाय. तरीही दुकाने, हवामान आणि बातम्यांची पाने जर्मनमध्ये उघडत होती. तेव्हापासून नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच मुलांची ही अडचण मी इथे बसून सोडवली आहे, आणि अनुभव असा आहे की दिसेल ते बटण दाबत सुटण्याऐवजी संकेतस्थळ भाषा कशावरून ठरवत आहे हे आधी ओळखले तर पुढचे काम दहा मिनिटांचे उरते.

संकेतस्थळाकडे आपली भाषा ओळखण्याचे मुख्यतः चार मार्ग असतात. पहिला मार्ग सर्वांत सरळ आहे: ब्राउझर प्रत्येक पान मागताना आपल्या पसंतीच्या भाषांची यादी सोबत पाठवतो. मराठी असेल तर मराठी द्या, नसेल तर इंग्रजी चालेल, असा क्रम त्या यादीत असतो, आणि ही सोय वेबच्या नियमांत १९९० च्या दशकापासून आहे. दुसरा मार्ग आयपी पत्त्याचा, म्हणजे आपल्या इंटरनेट जोडणीला मिळालेल्या क्रमांकाचा, ज्यावरून आपण कोणत्या देशातून आलो आहोत याचा अंदाज बांधला जातो. तिसरा मार्ग कुकीचा, म्हणजे त्या संकेतस्थळाने मागच्या भेटीत आपल्या यंत्रावर ठेवलेल्या नोंदीचा; आणि चौथा आपल्या खात्याचा, कारण लॉगिन केल्यावर खात्यात नोंदवलेली भाषा बहुधा बाकी सगळ्यांवर मात करते.

खरा घोळ दुसऱ्या मार्गाने होतो. कागल मागे टाकून निपाणीच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात मोबाइलला पलीकडचा टॉवर सापडतो; पण म्हणून गाडीत बसलेला माणूस कन्नड बोलू लागत नाही. आयपी पत्त्याचेही तसेच आहे. तो फार तर देश सांगतो, भाषा सांगत नाही, आणि देशाच्या आत शिरल्यावर तर त्याचा नेमही चुकतो. इथे कोल्हापुरात बसलेल्या माणसाला संकेतस्थळे कितीतरी वेळा पुण्यात किंवा मुंबईत असल्याचे धरून चालतात. तरीही देश कळला की भाषा कळली असे समजणारी संकेतस्थळे भरपूर आहेत. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार राष्ट्रीय भाषा आहेत, तर बेल्जियममध्ये डच, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन अधिकृत भाषा. तिथे देशावरून भाषा ठरवणाऱ्याची काय तारांबळ उडत असेल याची कल्पना सीमाभागातल्या वाचकाला वेगळी करून द्यायला नको.

निदानासाठी एकच परीक्षा पुरते. जे संकेतस्थळ चुकीच्या भाषेत दिसते त्याचा मुख्य पत्ता ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, म्हणजे क्रोममध्ये जिला इन्कॉग्निटो म्हणतात तिच्यात, लॉगिन न करता उघडावा. या खिडकीत जुन्या कुकी नसतात आणि खातेही जोडलेले नसते. तिथे पान योग्य भाषेत आले तर दोष कुकीचा किंवा खात्याचा आहे, हे नक्की. तिथेही ते जर्मनमध्येच आले तर दोष ब्राउझरच्या यादीचा किंवा आयपी पत्त्याचा आहे. मग यादी उघडून पाहावी, आणि तीत जर्मन कुठेच नसेल तर उरला तो आयपी पत्ता. भाचीच्या स्वतःच्या लॅपटॉपवर यादीत फक्त इंग्रजी होती, म्हणजे तिथे संकेतस्थळेच यादीकडे दुर्लक्ष करून देश पाहत होती. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर मात्र मुळात सारे काही जर्मनमध्येच बसवलेले होते, आणि तिथे यादी दुरुस्त करताच बरीचशी पाने सरळ झाली. लक्षण एकच असले तरी दोन यंत्रांवरची कारणे अशी वेगवेगळी निघाली.

यादी दुरुस्त करायची तर अडचण ही की सेटिंगचे पानही त्याच अनोळखी भाषेत असते. त्यावर उपाय असा, की मेनूच्या वाटेने जाऊच नये. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत रोमन अक्षरांत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा, सेटिंग्ज, पुन्हा एक तिरकी रेघ आणि लँग्वेजेस असे सलग टंकावे. ब्राउझर कोणत्याही भाषेत असला तरी थेट भाषांचे पान उघडते. एजमध्ये सुरुवातीच्या क्रोमच्या जागी एज लिहावे, आणि फायरफॉक्समध्ये अबाउट, कोलन, प्रेफरन्सेस असे लिहून खाली भाषेच्या विभागापर्यंत जावे. टंकताना एक गोष्ट सांभाळावी: जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागांची अदलाबदल असते आणि कोलन व तिरकी रेघही आपल्या नेहमीच्या जागी नसतात, म्हणून बोटांच्या सवयीवर विसंबू नये, प्रत्येक अक्षर पाहून दाबावे. पान उघडले की हवी ती भाषा यादीत घालावी आणि तिच्यापुढच्या तीन टिंबांवर दाबून तिला वर न्यावे. मेनूतूनच जाणे भाग पडले तर जर्मनमध्ये भाषेला श्प्राखे म्हणतात. एस, पी, आर, ए, सी, एच, ई ही अक्षरे शोधावीत.

यादीत कोणती इंग्रजी ठेवावी याचा विचार सहसा कोणी करत नाही, पण त्याने फरक पडतो. अमेरिकन इंग्रजी निवडली तर काही पानांवर तारखेत महिना आधी आणि दिवस नंतर येतो, आणि ५ मार्च व ३ मे यांची गफलत होते. भारतीय इंग्रजी निवडली तर काही दुकाने त्या शब्दातला भारत पाहून रुपयांतले पान दाखवू लागतात, जे श्टुटगार्टला माल मागवणाऱ्याच्या काहीच कामाचे नसते. युरोपात राहणाऱ्याने ब्रिटिश इंग्रजी ठेवावी, हे माझे मत. मराठीचे म्हणाल तर ती यादीत अवश्य असावी, पण परदेशात असेपर्यंत ती पहिल्या जागी न ठेवता दुसऱ्या जागी ठेवावी असे मी जड मनाने सांगतो. नियमाप्रमाणे मराठी उपलब्ध नसेल तर संकेतस्थळाने यादीतली पुढची भाषा पाहायला हवी; पण काही संकेतस्थळे पहिलीच भाषा पाहतात, ती आपल्याकडे नाही म्हणतात आणि थेट स्थानिक भाषेवर येतात.

कुकीचा दोष असेल तर संपूर्ण ब्राउझर पुसून काढण्याची गरज नसते. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर दाबून फक्त त्या एका संकेतस्थळाची साठवलेली माहिती काढून टाकावी आणि पान पुन्हा उघडावे. पुष्कळ संकेतस्थळांच्या पत्त्यातच भाषेचे चिन्ह असते: तिरक्या रेघांमध्ये डी आणि ई ही दोन अक्षरे दिसली तर त्या जागी ई आणि एन घालून पाहावे. त्याने न जमल्यास पानाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात किंवा अगदी तळाशी पृथ्वीच्या गोलाचे चिन्ह शोधावे. झेंड्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. झेंडा देशाचा असतो, भाषेचा नसतो, आणि मराठीसाठी कोणता झेंडा दाखवणार?

गूगलच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, भाषा आणि प्रदेश. भाषा गूगल खात्यातल्या वैयक्तिक माहितीच्या पानावर, भाषेच्या विभागात बदलते, तर शोधाच्या निकालांचा प्रदेश शोधाच्या सेटिंगमध्ये वेगळा ठरवता येतो. पूर्वी डॉट डीई किंवा डॉट इन असा पत्ता बदलला की देश बदलत असे. पण ऑक्टोबर २०१७ पासून गूगलने पत्ता कोणताही असला तरी आपण प्रत्यक्ष जिथे आहोत तिथले निकाल देण्यास सुरुवात केली, आणि एप्रिल २०२५ मध्ये देशांचे वेगळे पत्तेही हळूहळू डॉट कॉमवरच आणून सोडण्याचे जाहीर केले. म्हणून पत्ता बदलण्याची जुनी युक्ती आता कोणी सांगितली तर तिच्यावर वेळ घालवू नये. यूट्यूबवर आपल्या चित्रावर दाबले की भाषा आणि स्थान हे दोन पर्याय स्वतंत्र दिसतात. स्थान जर्मनीचे ठेवूनही भाषा मराठी ठेवता येते, आणि भाचीने तसेच ठेवले आहे.

फोनवर काम सोपे आहे. आयफोनमध्ये २०१९ च्या आयओएस १३ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून, ज्या ॲपमध्ये ती सोय आहे त्याला वेगळी भाषा देता येते, म्हणजे फोन इंग्रजीत ठेवून एखादेच ॲप मराठीत चालवता येते. भाषा सुधारण्यासाठी म्हणून प्ले स्टोअरचा देश मात्र बदलू नये. तो वर्षातून एकदाच बदलता येतो आणि जुन्या देशाच्या खात्यात शिल्लक असलेले पैसे नव्या देशात वापरता येत नाहीत. शिवाय त्याने संकेतस्थळांच्या भाषेत काडीचाही फरक पडत नाही.

युरोपीय संघात राहणाऱ्यांना एक कायदा ठाऊक असावा. २०१८ चा ३०२ क्रमांकाचा नियम त्याच वर्षी ३ डिसेंबरपासून लागू झाला असून, त्यानुसार दुकानदाराला ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय एका देशाच्या पानावरून दुसऱ्या देशाच्या पानावर ढकलता येत नाही, आणि संमतीने नेले तरी मूळ पान पाहण्याची सोय ठेवावी लागते. दुकानाने आपल्या पानाचे भाषांतर करून द्यावे असे मात्र हा नियम म्हणत नाही. जे पान फक्त जर्मनमध्येच आहे त्याच्यापुढे वरचे सारे उपाय संपतात, आणि मग ब्राउझरच्या भाषांतराकडे वळावे लागते.

क्रोममध्ये पानावर उजवी कळ दाबून भाषांतर मागता येते, आणि त्यात मराठीही आहे. वाचण्यापुरते ते पुष्कळ उपयोगी आहे; अर्ज भरताना ते धोक्याचे ठरते. भाचीने विजेच्या जोडणीचा अर्ज भाषांतर चालू ठेवून भरायला घेतला, तेव्हा आधीच्या घराच्या पत्त्यातले एसेन हे शहर तिला यादीत कुठेच सापडेना. एसेन या जर्मन शब्दाचा दुसरा अर्थ जेवण असा होतो, आणि भाषांतराने शहरांच्या यादीत, दोन शहरांच्या मधोमध, चक्क जेवण वाढून ठेवले होते. ही गंमत हसून सोडता येते, पण आकड्यांची सोडता येत नाही. जर्मन पद्धतीत हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम असतो, म्हणून १.५०० म्हणजे तिथे दीड नव्हे, दीड हजार. आणि शब्दांचे भाषांतर झाले तरी आकडे बहुधा मूळ रूपातच राहतात. म्हणून एकच पान दोन टॅबमध्ये उघडावे, एकात भाषांतर वाचावे आणि दुसऱ्यात, मूळ जर्मनमध्येच, रकाने भरावेत. स्वीकृतीच्या चौकटीवर खूण करण्यापूर्वी तेवढेच वाक्य वेगळे उचलून भाषांतरात घालून पाहावे.

व्हीपीएन, म्हणजे आपली इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या देशातल्या यंत्रामार्फत फिरवणारी सेवा, घेऊन भारतात असल्याचे भासवणे हा सर्वांत जास्त सांगितला जाणारा उपाय आहे, पण मला तो भाषेसाठी अवाजवी वाटतो. त्याने देश बदलतो, भाषा बदलेलच असे नाही. वर बँकेच्या संकेतस्थळाला अचानक दुसऱ्या देशातून झालेले लॉगिन संशयास्पद वाटू शकते. काही दिवसांसाठीच गेलेल्यांना मात्र एक गोष्ट जाणवेल: भारतीय सिम रोमिंगवर असताना इंटरनेटची वाहतूक बहुतेक वेळा भारतातल्या कंपनीच्या जाळ्यातूनच फिरून येते, त्यामुळे फोनवर पाने भारतातल्यासारखी उघडतात आणि हॉटेलच्या वायफायला जोडताच ती स्थानिक भाषेत जातात. आयपी पत्त्याचा दोष आहे की नाही हे पाहण्याची ही आणखी एक, पण महागडी, परीक्षा आहे.

परत येतानाही हे सारे उलट दिशेने घडते, आणि त्याची कोणाला अपेक्षा नसते. दिवाळीला भाची घरी आली, आमच्या वायफायवर तिने लॅपटॉप जोडला, आणि बसच्या तिकिटांचे एक संकेतस्थळ राजारामपुरीत बसून जर्मनमध्ये उघडले. आयपी पत्ता भारताचा होता, यादीत इंग्रजी होती. खाजगी खिडकीत तेच पान इंग्रजीत आले, म्हणजे दोष कुकीचा होता. तिने पत्त्याच्या डावीकडे दाबले, त्या संकेतस्थळाची माहिती काढून टाकली आणि पुण्याचे तिकीट काढले.