रात्रपाळीची अरबी: रेडिओ आणि मोबाइलवरून सुवार्ता सांगायची तर

"आंटी, आपण अरबी चॅनेल काढूया की!" आमच्या चर्चच्या तरुण संघातलं एखादं पोरगं दरवर्षी हे घेऊन येतंय आणि मी त्याला आधी चहा देते. मिरजेला नर्सिंग केलं, बावीस वर्षं कुवेतच्या वॉर्डात काढली, २०१६ ला कायमची कोल्हापूरला नागाळा पार्कात परत आले. त्यामुळं मला अरबी येते असा मंडळीचा समज. माझी अरबी म्हणजे 'वेन यअव्रक?', कुठं दुखतंय. 'इश्रब माय', पाणी पी. 'सबर', दम धर. एवढ्या भांडवलावर सलाइन लावता येतं, योहानाचा तिसरा अध्याय समजावून सांगता येत नाही.

तेव्हा चॅनेल काढू नका. आम्ही चौघं गेली सहा वर्षं जे करतोय ते सांगते, त्यातलं झेपेल तेवढं उचला.

बोलणारा माणूस तिकडचाच हवा, ही पहिली अट. 'आता' एवढा एकच शब्द घ्या. कुवेतची बाई 'अल्हीन' म्हणते, बैरूतची 'हल्लअ', कैरोची 'दिलवक्ती' आणि मोरोक्कोची 'दाबा'. वर्तमानपत्राची भाषा म्हणजे फुस्हा. ती शिकलेल्या सगळ्यांना कळते, पण घरात कुणी बोलत नाही. रंकाळ्यावर भेळ खाताना कुणी 'अतीव रुचकर' म्हणालं तर कसं वाटेल, तसं ते. इजिप्तचे सिनेमे आणि उम्म कुलसूमची गाणी अरब मुलखात सगळीकडं पोचली, म्हणून कैरोची बोली बहुतेकांच्या कानाला सरावाची आहे. आम्ही तीच धरली. आमच्यासाठी वाचते ती माझ्याच वॉर्डातली जुनी मैत्रीण, कॉप्टिक म्हणजे इजिप्तच्या जुन्या ख्रिस्ती घरातली. ती कैरोत रेकॉर्ड करून पाठवते. काटछाट, आवाज, चित्रं, वेळा आणि आलेल्या मेसेजची वही हे कोल्हापूरचं काम.

शास्त्रपाठासाठी आम्ही बैरूतचं जुनं भाषांतर वापरतो. एली स्मिथनं सुरू केलेलं आणि कॉर्नेलियस व्हॅन डाइकनं १८६५ ला पुरं केलेलं. भाषा जडच आहे, पण अरब मंडळ्यांच्या कानात तीच बसलीय. त्यात देवाला 'अल्लाह' म्हटलंय. हे ऐकून आमच्या महिला मंडळात एकदा चांगलीच खळबळ उडाली. बायांनो, अरबी बोलणारे ख्रिस्ती लोक शतकानुशतकं देवाला अल्लाहच म्हणतात, दुसरा शब्दच कशाला शोधायचा? येशूचं मात्र दोन नावांनी चालतं. ख्रिस्ती माणूस 'यसूअ' म्हणतो, कुराणात 'ईसा' आहे. आम्ही कार्यक्रमात 'यसूअ' म्हणतो, पण श्रोत्यानं 'ईसा' लिहिलं तर सुधारायला जात नाही. आजाऱ्यानं पोटाला ओटीपोट म्हटलं तर नर्स व्याकरण शिकवत बसते काय?

आता रेकॉर्डिंग. यात पैसा घालवू नका. मोबाइल फ्लाइट मोडवर, पंखा बंद, दोन्ही बाजूंना दोरीवर वाकळ आणि तोंडापासून एक वीत लांब माइक. वाकळेसारखा आवाज शोषणारा पडदा बाजारात मिळत नाही. कैरोत वाकळ कुठली, मैत्रीण कोटांच्या कपाटात डोकं घालून वाचते. वाचण्याआधी दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. मधला खोकला कापला की तिथं ती शांतता चिकटवता येते, नाहीतर आवाजात भोक पडल्यासारखं वाटतं. मूळ फाइल वेव्हमध्ये, म्हणजे आवाज न दाबलेल्या प्रकारात ठेवा, एमपीथ्री फक्त पाठवायला.

येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईच्या गोष्टीसाठी आम्हाला विहिरीचा आवाज पाहिजे होता. नेटवरचे आवाज सगळे बादलीसारखे, विहिरीसारखा एकही नाही. म्हणून कसबा बावड्यातल्या एका मळ्यात भल्या पहाटे जाऊन रहाट, दोर, पाणी सगळं टिपून आणलं. मस्त झालं. कार्यक्रम गेल्यावर मैत्रिणीचा फोन: येशू बोलायच्या जरा आधी मागं कोण ओरडतंय, आणि ते हिब्रू आहे काय? पुन्हा ऐकलं तर लांबून एक दादा स्पष्ट म्हणत होते, "ए, म्हस धर की!" तेव्हापासून प्रत्येक फाइल हेडफोन लावून दोघांनी ऐकायची, असा नियम आहे.

चित्रावर अक्षरं टाकताना तर फार सांभाळा. अरबी उजवीकडून डावीकडं आणि जोडून लिहितात. एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी आणि सुटं असताना वेगळं दिसतं. साधी ॲप हे ओळखत नाहीत. आमच्या पहिल्या नाताळाच्या चित्रावर 'सलाम', म्हणजे शांती, लिहिलं होतं, ते ॲपनं अक्षरं सुटी करून डावीकडून मांडलं. आम्हाला सोनेरी नक्षी दिसत होती, वाचणाऱ्याला 'म, आ, ल, स' असं फुटलेलं काहीतरी. दोन दिवस ते तसंच फिरलं. आता मैत्रिणीकडून चित्राचा फोटो तपासून आल्याशिवाय काही बाहेर जात नाही. उलट तरुण मुलांचे मेसेज पुष्कळदा रोमन अक्षरांत येतात आणि त्यात मध्येच आकडे असतात. घाबरू नका, तो पासवर्ड नव्हे. 'ऐन'साठी इंग्रजी तीनचा आकडा, घशातल्या 'ह'साठी सातचा.

रेडिओ कशाला, हा प्रश्न हमखास येतो. माझे वडील गडहिंग्लजला मास्तर होते. आकाशवाणी सांगली संपली की शॉर्टवेव्हचा काटा फिरवून सेशेल्स बेटांवरून येणारा फेबा या ख्रिस्ती रेडिओचा हिंदी कार्यक्रम धरायचे. त्या केंद्राचे अँटेना समुद्रात, प्रवाळाच्या खडकावर उभे होते. १९७० ते २००३ ते चाललं. वडील पोस्टकार्ड टाकायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी उत्तर यायचं. कार्यक्रम ते विसरले असतील, उत्तरं मात्र पत्र्याच्या ट्रंकेत अजून आहेत.

शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून परत येतात, म्हणून हजारो किलोमीटर जातात आणि सरहद्द बघत नाहीत. शिवाय सेटवर कोण काय ऐकलं याची नोंद कुठं राहत नाही, मोबाइलवर राहते. बीबीसीनं १९३८ ला सुरू केलेला अरबी रेडिओ जानेवारी २०२३ मध्ये बंद केला, आणि एप्रिलमध्ये सुदानात लढाई पेटल्यावर मे महिन्यात त्याच बीबीसीला सुदानसाठी तातडीची शॉर्टवेव्ह सेवा काढावी लागली. पण स्वतःचं केंद्र काढायचं स्वप्न बघू नका. आपल्याकडं खाजगी एफएमचा परवाना धार्मिक संस्थेला मिळत नाही. ट्रान्स वर्ल्ड रेडिओ ही ख्रिस्ती संस्था १९५४ पासून, आताच्या मोरोक्कोतल्या टँजियरहून सुरू होऊन, हे काम करतेय. सायप्रसमधल्या निकोसियाहून चालणारं सॅट-७ हे ख्रिस्ती उपग्रह चॅनेल १९९६ पासून अरबीत आहे. अशा लोकांना विचारा, तुम्हाला कसला आवाज, कसली गोष्ट कमी पडते. आपण तेवढं पुरवायचं.

वेळा पाळा. कुवेत आपल्या अडीच तास मागं, मोरोक्को साडेचार, आणि रमजानात मोरोक्को घड्याळ आणखी तासभर मागं घेतं. रमजानात रोजा सोडायच्या वेळी काहीही टाकू नका, ते घरचं जेवण आहे. दुसऱ्याच्या धर्माबद्दल एक वाकडा शब्द नको. माझी कसोटी सोपी आहे: शाहू महाराजांच्या काळात, १९०६ ला उभं राहिलेलं मुस्लिम बोर्डिंग दसरा चौकात आहे. त्याच्या दारात उभं राहून तुमचा मजकूर मोठ्यानं वाचता येईल का? येत नसेल तर खोडा.

खरं काम इथून पुढं सुरू होतं, आणि पोरांना नेमका यातच रस नसतो. कार्यक्रम टाकला की लाइक मोजायचे आणि झोपायचं. कुवेतमध्ये रात्री अकरा वाजता घरची निजल्यावर जो माणूस लिहितो, त्याचा मेसेज आपल्याकडं दीडला येतो. वॉर्डात बेल वाजली आणि कुणी उठलं नाही तर ती बेल पुन्हा वाजत नाही. म्हणून आम्ही रात्रपाळी लावलीय, आठवड्याला एक जण. कामासाठी वेगळा नंबर, वेगळा फोन. पहिलं उत्तर माणसानं द्यायचं आणि लहान: आहे मी, सांगा. माझ्या मोडक्या अरबीला एवढं जमतं. पुढचं मैत्रीण आणि तिकडची मंडळी बघतात.

श्रोत्याची पूर्ण ओळख विचारू नका, फोटो मागू नका, कुणालाही ग्रुपमध्ये घालू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. मोरोक्कोच्या दंडसंहितेत कलम २२० आहे, अल्जीरियात २००६ चा आदेश आहे. मुसलमानाची श्रद्धा डळमळीत करणं तिथं गुन्हा ठरू शकतं. आपण इथं सुरक्षित असतो, ते तिथं नसतात. आमच्यातल्याच एकानं 'केवढी मोठी साक्ष!' म्हणून एका मेसेजचा स्क्रीनशॉट मंडळीच्या ग्रुपवर टाकला. वर नंबर तसाच. पाऊण तासात मी तो काढायला लावला, पण तोवर किती जणांनी पुढं ढकलला कोण जाणे. त्या नंबरवरून नंतर काही आलं नाही. त्या गृहस्थांवर माझा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

व्हिसा, नोकरी, लग्न यासाठीही मेसेज येतील. पुष्कळ येतील. काही देऊ नका, काही कबूल करू नका, पण उत्तर द्या. घर सोड, बापाला सांग, असले सल्ले तर मुळीच नकोत. 'नको' म्हणालेल्याला पुन्हा लिहायचं नाही. परदेशातून कुणी कामाला पैसे देऊ केले तरी नको म्हणा. २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी लागते आणि चार माणसांना ते झंझट कशाला?

रविवारी उपासनेनंतर आम्ही मागच्या खोलीत वही उघडतो. वॉर्डात पाळी बदलताना करतात तसंच: क्रमांक, देश, शेवटचं कधी बोलला, काय दुखतंय. नाव नाही, फोन नंबर नाही. सतरा क्रमांकाचा माणूस नऊ दिवस गप्प होता. परवा रात्री दोन वाजता त्यानं एवढंच लिहिलं, 'इन्त मौजूद?' आहेस का तू. मी 'मौजूद' लिहिलं आणि चष्मा लावून बसले. अजून पुढचं काही आलेलं नाही. फोन चार्जिंगला लावलाय, या आठवड्याची पाळी माझीच आहे.